माझ्या झाकणावरचा दोरा

मित्रांनो, मी एक जुनी मिठाची बरणी आहे. चिनीमातीची. डोकं तपकिरी, पोट पांढरं. खारबावच्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर माझा सगळा जन्म गेला. चूल गेली, शेगडी आली, ओटा झाला, मी मात्र जागची हलले नाही. आणि आधीच सांगून ठेवते, मी कुणावर चटकन विश्वास टाकत नाही. हा गुण मला माझ्या मालकिणीने लावला.

माझी मालकीण ठकुबाई. वज्रेश्वरीच्या जत्रेत तिने मला उचललं तेव्हा ती नवी नवरी होती, पण नजर तेव्हाही जुनीच. बोटाच्या पेराने मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला. मग दुकानदाराकडूनच पाणी मागून माझ्यात ओतलं आणि मला पदरावर ठेवून वाट बघत बसली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, बरणी हाय ती, चोर न्हाय." ठकुबाई म्हणाली, "चोर असता तर तोंडावरून ओळखला असता. बरणीचा तळ बघावा लागतो." पदर कोरडा राहिला, तेव्हा कुठे मी या घरात आले.

तेव्हा माझ्यात खाडीकाठच्या मिठागरातलं खडे मीठ असे. पुढे पिशवीतलं बारीक मीठ आलं. मीठ बदललं, पण माझा मान तोच राहिला. दिवेलागणीनंतर मला कुणी उसनं मागायचं नाही. माझ्यातलं मीठ संपलं असं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. आणि माझा तळ कधी दिसू द्यायचा नाही, तळाच्या आधीच वरून भर घालायची. दृष्ट काढायला मीच, सुकवायच्या मासळीला मीच, लोणच्याला मीच. जेवून उठणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "ठकुबाईच्या हाताला चव हाय." हात तिचा, चव माझी. पण मी कधी तोंड उघडलं नाही.

ठकुबाई चमचा वापरत नसे. मूठ हेच तिचं माप. तिचा नवरा केसरीनाथ पानात सुका बोंबील, पापड आणि लोणचं असल्याशिवाय घास उचलत नसे. एवढं करून वर चिमूटभर मीठ पानाच्या डाव्या बाजूला लागायचंच. मी बघत होते. त्याचे पाय सुजू लागले होते, तेही बघत होते.

मग त्याला डॉक्टरकडे नेलं. मुलगा धनेश बरोबर गेला होता. धनेश वडप्याच्या गोदामात सुपरवायझर आहे, ड्युटीवरून तसाच गेला आणि निम्मं ऐकून आला. डॉक्टरीण म्हणाली होती की रक्तदाब वाढलाय, मूत्रपिंडं दमलीत, मीठ कमी करा. धनेशच्या डोक्यात राहिलं ते फक्त मीठ. घरी येऊन त्याने तेवढंच सांगितलं. ठकुबाई म्हणाली, "मीठ कमी करून कोण जगलाय?" आणि विषय मिटला.

विषय मिटला असं मलाही वाटलं. पण काही दिवसांनी माझ्यात काहीतरी गडबड सुरू झाली.

ठकुबाई देवळात गेली की धाकटी पावलं स्वयंपाकघरात यायची. ती तिची सून रंजिता. ती मागे वळून दाराकडे बघायची, माझं झाकण उचलायची आणि एका पिशवीतून पांढरं काहीतरी माझ्यात ओतायची. दिसायला मिठासारखंच. पण मित्रांनो, मी जन्मभर मीठ पोटात धरलंय. हे मीठ वेगळं होतं. माझ्या मनात नको नको ते आलं. सून, सासरा, चोरून ओतलेलं पांढरं काहीतरी! तुम्हीच सांगा, काय समजायचं?

संशय ठकुबाईलाही आला. आमटी चाखून ती थबकली. "रंजिता, ह्या मिठाला काय झालाय गं? जिभेवर कडू येतंय, नि खारट लागतच न्हाय."

"आई, तुमचीच जीभ कडू झाली असेल, ॲसिडिटीने," रंजिता भांडी घासता घासता म्हणाली.

"माझी जीभ कडू हाय हे गावाला ठावूक हाय. पण ती मिठाला कडू करीत न्हाय."

तेवढं बोलून तिने आमटी उतरवली. पण खारटपणा येईना म्हणून दुसऱ्या दिवसापासून एका मुठीच्या जागी दोन मुठी टाकू लागली. तेही कुणाला न सांगता. एक चोरून बदलत होती, दुसरी चोरून वाढवत होती, आणि दोघींच्या मधे मी. वर धनेश बापाला रोज सकाळी नारळपाणी आणायचा, ताकद यावी म्हणून.

ताकद राहिली बाजूला, केसरीनाथच्या पायांतला जोर गेला. ओटीची पायरी चढताना गुडघा दुमडला आणि तो खांबाला धरून खाली बसला. "छातीत ठोके अडखळतात," म्हणाला. मग स्वतःच हसला. "म्हातारा झालो, दुसरं काय."

ठकुबाई हसली नाही. तिने शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला आणि माझ्या झाकणावर आडवा, सहज दिसणार नाही असा ठेवला. मग मोठ्याने म्हणाली, "मी देवळात चाललेय गं." आणि गेली.

ती परत आली तेव्हा दोरा फळीवर पडला होता.

"रंजिता! हिकडं ये. म्हाताऱ्याला काय चारतेस?"

रंजिताचा चेहरा पडला. पण ती पळाली नाही. तिने कपाटामागून पिशवी काढली. "कमी सोडियमचं मीठ आहे, आई. यांच्या गोदामातल्या एकाच्या वडिलांचं प्रेशर ह्यानेच उतरलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वापरू दिलं असतं का?"

"न्हाय."

"मग?"

"मग चोरून घालायचं? वैरीण असल्यासारखं?"

"वैरीण असते तर पिशवी जपून ठेवली असती का?" रंजिता रडू लागली.

आतून केसरीनाथ क्षीण आवाजात म्हणाला, "भांडा नंतर. माझे पाय मला उचलंनात."

मग मात्र ठकुबाईने मला उचललं. रिक्षात तिने मला मांडीवर धरलं, शेजारी नवरा, पलीकडे पिशवी घेऊन रंजिता. पिशवी असताना बरणी कशाला, असं रंजिताने विचारलं. ठकुबाई म्हणाली, "पिशवीवर काय छापलंय ते मला वाचता येत न्हाय. ह्यानं जे खाल्लंय तेच मी दाखवणार."

डॉक्टरणीने पिशवी वाचली, माझ्यात डोकावली, आणि बोलणं थांबवून आधी केसरीनाथच्या छातीला तारा लावल्या. त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं होतं. उपचार झाले, ठोके ताळ्यावर आले, तोवर ठकुबाईने मला मांडीवरून उतरवलं नाही.

मग डॉक्टरणीने दोघींना समोर बसवलं आणि केसरीनाथचं खाणंपिणं विचारून घेतलं. "ह्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. ते वाईट नाही. केळी, नारळपाणी, भाज्या यांतही पोटॅशियम असतं, आणि धडधाकट माणसाला ते हवंच. पण यांची मूत्रपिंडं दमलीत. जास्तीचं पोटॅशियम त्यांना बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयावर येतं. म्हणून हे मीठ विचारल्याशिवाय द्यायचं नाही. नारळपाणीही नाही."

ठकुबाईने सुनेकडे बघितलं. बघ, मी म्हणत होते, असं ते बघणं.

"आणि आजी," डॉक्टरीण म्हणाली, "यांचा दाब वाढवला तो तुमच्या मुठीने. बोंबील, पापड, लोणचं, वर चिमूट. मूत्रपिंडं काही सुनेने दमवलेली नाहीत."

आता सुनेने सासूकडे बघितलं नाही. ती पदराने माझं झाकण पुसत राहिली. एवढी समज तिला होती.

घरी आल्यावर ठकुबाईने मला मोरीत नेलं. माझ्यातलं सगळं ओतलं, धुतलं आणि अंगणात उन्हात पालथं घातलं. माझा तळ मी आल्यापासून पहिल्यांदाच उघडा पडला होता. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "ठकुबाय, बरणी रिती केली?"

"रिती म्हणू नको. न्हायली म्हण."

आता माझ्यात साधंच मीठ आहे, तेही अर्धंच. आत लाकडी चमचा आहे आणि त्याच्या दांड्याला तोच काळा दोरा बांधलाय. बोंबील सणासुदीपुरता. आमटीत लसूण आणि मिरी जास्त पडते. केसरीनाथ अजून कुरकुरतो, "दोघी एक झाल्या, आता माझ्या पानात मीठ कोण वाढंल?" ठकुबाई म्हणते, "बरणी अर्धी राहिली तर चालंल. तू अख्खा राहा."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी कुणी बहीण असेल, काचेची नाही तर प्लास्टिकची. तिचं झाकण उघडून बघा. आत काय आहे, कोण घालतं, कुणासाठी घालतं, ते विचारा. औषध घेणारं माणूस घरात असेल तर डॉक्टरांनाही विचारा. संशय घ्यायला मी नाही म्हणत नाही, मी स्वतःच संशयी आहे. पण संशय आला की तोंडावर विचारा. आमच्या घरात तो दोरा पडेपर्यंत वाट पाहिली, आणि म्हातारा जाता जाता वाचला.