चौथी ओळ, सातवं नाव

“थोडा उजेड वाढवता येईल का?” ओगाता-सान म्हणाले.

“नाही हो. याहून जास्त उजेडात हा लाल रंग टिकत नाही,” दमयंती म्हणाली.

एकोणनव्वद वर्षांचे ओगाता-सान टेबलावर वाकले. रुमालात गुंडाळून आणलेलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं. कावासाकीहून दोन गाड्या बदलून ते विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत आले होते. इथे जुने कागद तपासून जपले जातात. समोर १९३२ सालचं पोस्टर होतं, ‘निळ्या पंख्याची राणी’ या ऑपेरेटाचं. निम्मं गाणं, निम्मं बोलणं. आपल्या संगीत नाटकाच्या नात्यातला प्रकार. टोकियोच्या आसाकुसा भागात तो सहा आठवडे चालला. युद्धानंतर १९५१ मध्ये पुन्हा रंगमंचावर आला, मग १९७४ मध्ये. दर वेळी नवी राणी, नवं पोस्टर. पण समूहात गाणाऱ्या मुलींची नावं फक्त या पहिल्या पोस्टरवर होती, अगदी तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या लाल अक्षरांत.

“आई मागच्या रांगेत असायची,” ओगाता-सान म्हणाले. “मावशी चिडवायची, तुझ्या आईला बघायचं तर तिकिटाबरोबर दुर्बीणही घ्यावी लागते.”

१९४५च्या मार्चमध्ये ते नऊ वर्षांचे होते. शाळेने सगळ्या मुलांना खेड्यात हलवलं होतं. इकडे बॉम्बहल्ल्यात आई गेली, घर गेलं, एकूण एक फोटो गेला. आता हे पोस्टर प्रदर्शनात लागणार अशी बातमी वाचून त्यांनी पत्र पाठवलं होतं: आईचं नाव छापलेलं एकदा पाहायचं आहे.

भेट ठरवून कार्यालयाने ते पत्र काल दमयंतीच्या हातात दिलं. तिने पोस्टरवर नाव शोधलं. चौथी ओळ, उजवीकडून सातवं. सापडल्यावर तिने आपला चाचणीचा अहवाल पुन्हा उघडला.

तीन आठवड्यांपूर्वी त्या लाल रंगाची चाचणी तिनेच घेतली होती. अर्ध्या मिलिमीटरचा प्रखर किरण कागदावर सोडायचा आणि रंग किती वेगाने उडतो ते मोजायचं. राणीच्या झग्यातला लाल नंतर कोणीतरी भरलेला. मूळ लाल उरला होता तो फक्त या नावांत.

शेजारच्या टेबलावर पोस्टरचे फोटो काढणारी विभा म्हणाली होती, “दमे, नावावर कशाला गं? कुणाचं तरी असेल ते.”

“अगं, मागच्या रांगेतल्या पोरी. कोण वाचतंय?”

“तू तरी वाच की आधी.”

“तू तुझा कॅमेरा सांभाळ.”

किरण नीट बसावा म्हणून तिने सर्वांत जाड रेघांचं नाव निवडलं. वाचलं नाही. यंत्र लावून चहाला गेली. परत आली तेव्हा त्या नावावर किरण सोडलेल्या पाचही जागी पांढरे ठिपके पडले होते. लाल तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी कच्चा निघाला. म्हणून मूळ पोस्टर आता कायम अंधारात राहणार होतं, आणि प्रदर्शनात त्याची प्रत लागणार होती. अहवालात तिने लिहिलं होतं, ‘चाचणीची जागा : दृश्य महत्त्व नसलेली.’

“मला नुसतं करडं दिसतंय,” ओगाता-सान म्हणाले. “मोतीबिंदू.”

“मोठा फोटो देऊ का? चांगला आलाय.”

“नको. हा कागद तेव्हा थिएटरच्या भिंतीवर होता. ती याच्यासमोरून रोज गेली असेल.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “तुम्हाला दिसतंय ना? वाचाल?”

दमयंती वाकली. दुसऱ्या अक्षराची उभी रेघ मधेच तुटली होती. तिसरं अक्षर जवळजवळ नव्हतंच.

“मिझुहारा त्सुयुको,” तिने वाचलं.

“स्पष्ट आहे?”

दर मार्चला नवा करार करत तिने इथे अकरा वर्षं काढली होती. तेवढ्या काळात तिने एकही निरीक्षण चुकीचं सांगितलं नव्हतं.

“स्पष्ट आहे.”

“लाल?”

“हो. लाल.”

“पुन्हा एकदा वाचता?”

तिने पुन्हा वाचलं. ओगाता-सान डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी पोस्टरच्या दिशेने कमरेत वाकून नमस्कार केला, नंतर तिला. भिंग रुमालात गुंडाळलं. चारही टोकं जुळवून, सावकाश.

“झालं,” ते म्हणाले. “आता बंद करा. उगाच रंग जायचा.”

दमयंतीने दिवा बंद केला. आता दोघांनाही सारखंच दिसत होतं.