पहिलं बोट

हवालदार दशरथने मुर्धा गावच्या गोदूबाईला मासळी बाजारातून निवडलं ते रंग बघूनच. ओळख परेडच्या रांगेत उभं राहायला पाच बायका हव्या होत्या, त्याही जरा काळ्या. शेजारच्या गोऱ्यागोमट्या सुलूकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. गोदूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोलिसाला नाही कोण म्हणणार? पाटी सुलूच्या हवाली करून ती जीपमध्ये बसली.

परेड तुरुंगातच होती; तिथे पोचल्यावर सगळा प्रकार कळला. सिल्व्हर पार्क वसाहतीत अनुष्का नावाच्या बाईची पर्स एका उंच, काळ्या बाईने हिसकावली होती. पोलिसांनी डोक्याला फार ताप दिलाच नाही. त्याच गल्लीत राहणाऱ्या, केसांच्या बारीक वेण्या घालून देणाऱ्या युगांडाच्या नाकाटोला धरून आणलं. आता तिला पाच कोळणींच्या मधोमध उभी केली होती.

नाकाटोने हिंदीत विचारलं, या रांगेत माझ्या देशाची दुसरी कोण आहे? परेड घ्यायला आलेले नायब तहसीलदार साहेब म्हणाले, तुझ्यासाठी आता आफ्रिकेतून बायका मागवू का? स्वतःच्याच विनोदावर ते खूश झाले.

अनुष्का आत आली. बिचारी खरंच आठवायचा प्रयत्न करत होती. रांगेपुढून दोनदा गेली आणि गोदूबाईपाशी थांबली. "ह्याच वाटतात," म्हणत तिने बोट दाखवलं.

साहेब हसले. "अहो मॅडम, ह्या मासेवाल्या. आम्हीच आणलंय त्यांना. घाई नको, नीट बघा."

गोदूबाईलाही हायसं वाटून हसू आलं. अनुष्का ओशाळली. साहेबांची नजर जिकडे वळली तिकडे तिचीही वळली, आणि बोट नाकाटोवर गेलं.

या वेळी कोणी हसलं नाही. साक्षीदाराने आरोपीला बिनचूक ओळखलं, असं साहेबांनी लिहूनही टाकलं. नाकाटो सांगत राहिली की आधी बोट दुसरीवर होतं. तिला दटावून गप्प केलं. गोदूबाईला आपल्या हसण्याची शरम वाटली. आपल्यावर बोट आलं ती चूक, आणि हिच्यावर आलं तो पुरावा! हा कुठला न्याय? पहिलं बोटही लिहा, असं तिने साहेबांना सांगितलं. तुमचं काम फक्त उभं राहायचं होतं, ते झालं, निघा, असं ते म्हणाले.

बाकीच्या चौघी दाराकडे निघाल्या. गोदूबाईने लुगडं सावरलं आणि नाकाटोच्या शेजारी फरशीवर बसकण मारली.

"उबा ऱ्हायाचा काम झाला, साएब," ती म्हणाली. "आता मी बसतंय. पयला बोट माजेवर परला, त्ये लिवा. न्हाय लिवायचा, तं मना पन हिच्यासंगती आत टाका."