चौदा चिंचोके

माझ्या नातवाच्या, अजितच्या, लग्नाचा मांडव अजून उतरला नव्हता तेव्हा तळोद्याच्या एका संस्थेची जीप दारात येऊन उभी राहिली. साल दोन हजार तेवीस, मे महिना. संस्थेची यामिनी मॅडम उतरली आणि माझ्या भावाला हात जोडून म्हणाली, "दोधूदादा, आजपासून तुम्ही आमचे सहसंशोधक."

दोधू पन्नाशीचा, पण बुद्धी पाच वर्षांच्या पोराची, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे. तो गावाच्या शेळ्या चारायचा. मॅडमने त्याच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र घातलं. अंघोळीलाही तो ते काढेना.

त्याच्यासारखी माणसं कुठल्या घरात आहेत ते शोधायचं काम. यादीत नाव आलं की तळोद्याहून डॉक्टर घरी येणार होता. घरचे पुढच्या दारात नाही म्हणत, आणि दोधू शेळ्यांच्या वाटेने सरळ मागच्या परसात जाई. आकडे त्याला येत नव्हते. माणूस दिसलं की एक चिंचोका खिशात टाकायचा.

इंद्रसिंगच्या घरी मीही बरोबर होते. इंद्रसिंग दारात आडवा उभा.

"मांगे शे," मागच्या परसाकडे बोट करत दोधू म्हणाला. "आशा शे. दोर बांधेल शे."

"आमना घरमा कोणी नही," इंद्रसिंग मॅडमला म्हणाला. "येडाना भरोसावर लिखतस का तुम्ही?"

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. इंद्रसिंगनेही. त्याच्या त्या पोरीला, आशाला, मी लहानपणी मांडीवर घेतलं होतं. पण आमच्या घरचं पाणी त्याच्या विहिरीचं. मी खाली पाहिलं. मॅडमने कागदावर रेघ मारली. दोधूने चिंचोका खिशात टाकला.

दिवाळीनंतर तळोद्यात संस्थेची सभा झाली. दोधूला शाल घातली, टाळ्या वाजल्या. फोटो बघा मावशी, म्हणून अहवाल माझ्या हातात दिला. मी साठीत अक्षरं शिकले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोट ठेवून वाचलं. आमच्या गावात अकरा.

मी उभी राहिले. दोधूने तर चौदा दाखवले होते, त्याचे चिंचोके मी मोजलेत, म्हटलं. संस्थेचे मोठे साहेब, उमाकांत सर, फार गोड बोलले. तीन घरांनी नाही सांगितलं, आणि एकट्या दोधूदादांच्या शब्दावर आकडा धरता येत नाही.

"मंग सहसंशोधक कसाले म्हनतस त्याले?"

साहेब हसले. चहा आणा म्हणाले.

दोधू उठला. खिशातले चिंचोके त्याने टेबलावर ओतले, एकेका घराचं नाव घेत तीन वेगळे केले आणि मॅडमपुढे सरकवले. मॅडम फोनमध्ये बघत राहिली. चहावाल्याने कप ठेवायला फडकं फिरवलं, तेव्हा ते खाली पडले. दोधू टेबलाखाली शिरला, तिन्ही शोधून बाहेर आला. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि जिना उतरून गेला. शाल खुर्चीवरच राहिली.

जानेवारीत डॉक्टर आला, अकरा घरी गेला. इंद्रसिंगच्या दारावरून डॉक्टरची जीप न थांबता पुढे गेली तेव्हा मी त्याच्याच विहिरीवर पाणी भरत होते. तेव्हाही हाक मारता आली असती.

इंद्रसिंगची मुलगी आशा, वय बावीस, होळीच्या बारा दिवस आधी, १२ मार्च २०२४ ला, मंगळवारी, मागच्या परसातल्या खोपीत वारली.