छपरातलं जहाज

आमचे हे पन्नास वर्षं एकच सांगत आले, की आपलं छप्पर म्हणजे न बांधलेलं जहाज आहे. तरुणपणी हे कार्थेजच्या गोदीत सुतार होते. रोमनांनी आमची सगळी जहाजं जाळायला लावली, तेव्हा बांधायच्या राहिलेल्या एकाच्या नुसत्या तासून ठेवलेल्या फळ्या ह्यांनी घरी आणून छपराला ठोकल्या. कुठली कुठे बसवायची त्याची खूण प्रत्येकीवर होती म्हणे. मी म्हणायची, "अहो, तुमचं जहाज वरून गळतंय."

वेढा देऊन बसलेल्या रोमनांनी यंदा बंदराचं तोंड दगड टाकून बुजवलं. आम्ही बायापोरांनी चोरून दुसरीकडून समुद्राकडे वाट खणली आणि गोदीत जुन्या लाकडाची लढाऊ जहाजं उभी राहू लागली. ह्यांनी लगेच छप्पर उतरवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

मी जेवण घेऊन गोदीत गेले, तर फळीला फळी बसत होती. फक्त पुढच्या टोकाला, नाळेपाशी, एक जागा रिकामी होती; तिथे नुसती खूण कोरलेली.

मुकादम गिसगोन म्हणाला, "आजोबा, लाकूड संपलं. एका फळीपायी परवा हे जहाज मागे राहणार."

"ती कुजली रे. केव्हाच फेकली," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघेनात.

घरी येऊन कणीक मळायला बसले. लग्नानंतर ह्यांनीच दिलेली फळी. उलटी केली. खाली कोरलेली खूण मी जन्मभर नक्षी समजून पुसत आले होते. तश्शीच खूण त्या रिकाम्या जागेवर होती. असा राग आला मला ह्यांचा, आणि तितकीच माया.

फळी डोक्यावर घेऊन परत गेले. "कुजली काय? मग ही कोण?"

"अरिशत, चार पोरं वाढवलीस तू हिच्यावर. आता मळशील कशावर?"

"तुमच्या डोक्यावर. बसवा मुकाट्याने."

गिसगोन रंधा मारायला निघाला, तर हे म्हणाले, "नको. हिचं पीठ आहे फटीत. भिजलं की फुगेल, थेंब आत यायचा नाही."

ठरल्या दिवशी जहाज नव्या वाटेने समुद्रात गेलं. परत येईल का, देव जाणे.

घरी डोक्यावर उघडं आभाळ होतं. दगडावर मळलेल्या कणकेची भाकरी वाकडीतिकडी झाली. हे तीच खात होते.

"अहो," मी म्हटलं, "जहाजच होतं हो ते."

ह्यांनी मान खाली घातली आणि आणखी एका भाकरीसाठी हात पुढे केला.