तुपाच्या दुकानातलं नाक

गंगाखेडच्या बाजारात लिंगराजआप्पांच्या तुपाच्या दुकानाला पाटी नव्हती, कारण तिची गरजच पडली नाही. खेड्यातून तूप विकायला आलेल्या बाईनं डबा उघडायचा, आप्पांनी बोटभर तूप डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर चोळायचं, डोळे मिटून हुंगायचं आणि निकाल द्यायचा. "तूप म्हशीचंच हाय बाई, पण ताज्या लोण्यात चार दिसाचं शिळं मिसळलंय." बाई कपाळाला हात लावायची, कारण ते खरं असायचं. आप्पांच्या कपाळावरचं भस्म आणि आप्पांचं नाक, दोन्हींवर लोकांचा सारखाच विश्वास होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा रुद्रेश अकरा वर्षांपासून त्यांच्या शेजारी गादीवर बसत होता. बापाचं नाक पोरात उतरलंय, असं सगळा बाजार म्हणायचा. नाक उतरलं होतं हे खरं, अगदी आप्पांसारखंच लांब आणि सरळ, फक्त त्यातून हवा जात नव्हती. रुद्रेशचा वरचा जबडा जन्मापासून अरुंद आणि मागं सरकलेला, खालचा अर्ध्या उघडलेल्या खणासारखा पुढं आलेला. समोरचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत, त्यामुळं भाकरी तो दाढेनं तोडायचा. तोंड कायम उघडं, कारण सगळा श्वास तिथूनच. नाक त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ चष्मा टेकवायला होतं.

आता कुणी विचारेल, मग हा तूप पारखायचा कसा? तर तो तूप पारखतच नव्हता. तो माणूस पारखायचा. हाताला तूप चोळून नाकाशी न्यायचा आणि चष्म्यावरून विकणाऱ्याकडं बघत बसायचा, मिनिट, दोन मिनिटं. ज्याचं तूप चोख, तो कंटाळतो. रस्त्याकडं बघतो, जांभई देतो. झरीकडची सरजाबाई तर तेवढ्या वेळात पायातला काटा काढून घ्यायची. ज्याच्या डब्यात वनस्पती तूप मिसळलेलं असतं, तो मात्र हुंगणाऱ्याच्या नाकावरची नजर हलवत नाही. एकानं तर घामाघूम होऊन स्वतःच सांगून टाकलं होतं, "मालक, किती येळ हुंगायलाव? हाय थोडं. घरात लगीन हाय." रुद्रेशनं गंभीरपणे मान हलवली आणि बाजारात त्याच्या नाकाचा डंका आणखी वाजला.

गेली चार वर्षं तर आप्पा त्यालाच पुढं करायचे. "तू हुंग आधी," म्हणायचे, मग स्वतः हुंगायचे, आणि दोघांचा निकाल तंतोतंत जुळायचा. लोक थक्क व्हायचे. रुद्रेशला मात्र दरवेळी आत काहीतरी टोचायचं. आपण या गादीवर चोरासारखे बसलोय, हे त्याला एकट्याला माहीत होतं. बायकोलाही त्यानं ते कधी सांगितलं नव्हतं.

बायको स्वप्ना पूर्ण्याची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. मालगाडीच्या धडधडाटात गाढ झोपणारी ही पोरगी नवऱ्याच्या घोरण्यानं काय उठणार? ती उठायची घोरणं थांबलं की. आवाज एकदम बंद व्हायचा, छाती हलायची नाही, आणि ती अंधारात आकडे मोजायची. पंधरा. वीस. मग खांदा धरून हलवायची. सात वर्षं हे असं चाललं होतं. शेवटी दाढ दुखते म्हणून ती त्याला परभणीला दाताच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी तोंडात डोकावून विचारलं, "तुम्ही नाकानं श्वास घेता का?"

"घेतो की," रुद्रेश म्हणाला, "सणासुदीला."

डॉक्टर हसले, स्वप्ना हसली नाही. तिथून पुढं तपासण्या झाल्या आणि संभाजीनगरच्या सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं. वरचा जबडा कापून मोकळा करायचा, रुंद करून पुढं आणायचा आणि पट्ट्या-स्क्रूनी बसवायचा. खालचा थोडा मागं सरकवायचा. नाकातला वाकडा पडदाही त्याच वेळी सरळ करायचा. आधी दीड वर्ष दातांना तारा.

"म्हणजे मला वास येईल?" रुद्रेशनं विचारलं.

"आधी श्वास तर येऊ द्या," सर्जन म्हणाले. "वासही बहुतेक येईल."

घरी आल्यावर मात्र आप्पा असे भडकले की काही विचारू नका. "जबड्याचं काय करायचं ते करा, नाकाला हात लावू देणार न्हाई मी. समदं दुकान त्या नाकावर चालायलंय." आठ दिवस ते मुलाशी बोलले नाहीत. आई उमादेवी पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "पोरगं जित्तं ऱ्हायलं तर दुकान हाय. तुमी गप बसा." आप्पा गप बसले, पण त्यांचा चेहरा काही सुधारला नाही. रुद्रेशला त्याचं नवल वाटलं नाही. बापाला आपल्या नाकाचा अभिमान आहे आणि आपण त्या लायकीचे नाही, एवढंच त्याला दिसत होतं. म्हणूनच तर त्याला ऑपरेशन हवं होतं. एकदा तरी खरंखुरं हुंगून, खराखुरा निकाल देऊन त्या गादीवर बसायचं होतं.

तारांचं दीड वर्ष सरलं आणि ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की आपलं तोंड भोपळ्याएवढं झालंय आणि दोन्ही जबडे रबरांनी एकमेकांना जखडलेत. जन्मभर ज्या दारातून ये-जा केली त्या दारालाच कडी, आणि नाकात रक्ताच्या खपल्या. तो घाबरून उठायला लागला. स्वप्नानं त्याचा हात घट्ट धरला. "हळू घ्या. घाई नका करू. यायलाय बघा, यायलाय श्वास." येत होता खरा, बारीक शिट्टी वाजवत, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तसा. त्या रात्री त्यानं मनातल्या मनात जेवढ्या वेळा शिवाचं नाव घेतलं, तेवढं आयुष्यभराच्या पूजेतही घेतलं नसेल.

पुढचे दिवस पातळ खाण्याचे. दूध, वरणाचं पाणी, ज्वारीची आंबील, सगळं पिचकारीनं गालातून. नाक शिंकरायला सक्त मनाई, फक्त मिठाच्या पाण्याचा फवारा. बोलणं पाटीवर लिहून. पाहुणे यायचे, सुजलेल्या तोंडाकडं बघून हळहळायचे आणि त्याच्यासमोर बसून भजी खायचे. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जायची पद्धत अशी आहे.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी फवारा मारताना नाकातून एक मोठी खपली निघाली आणि थंडगार हवा थेट कपाळापर्यंत गेली. रुद्रेश दचकला. हवेबरोबर काहीतरी आत आलं होतं. स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी पडली होती. त्याला ते हिंग आहे हेही कळेना, फक्त कुणीतरी आतून हाक मारल्यासारखं वाटलं. मग तो घरभर हुंगत फिरला. भिंत हुंगली, वर्तमानपत्र हुंगलं, स्वतःची उशी हुंगली आणि ताबडतोब धुवायला टाकली. मोरीजवळ गेला आणि उलट्या पावली परत आला. शेवटी स्वप्नाच्या मानेशी नाक नेऊन पाटीवर लिहिलं, "केसाला काय लावलंस?"

"नऊ वर्षं तेच लावायलेय," ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नऊ वर्षांचं राहिलेलं सगळं एकदम समोर आलं होतं, रडणार नाही तर काय करील. त्या महिन्यात स्वप्ना पहिल्यांदा रात्रभर झोपली.

अडीच महिन्यांनी तो दुकानात आला. तोवर आप्पांनी जुन्या साठ्यावरच दुकान चालवलं होतं. दात दातावर बसलेले, तोंड मिटलेलं, चेहरा असा बदललेला की जुनी गिऱ्हाइकं नवा नोकर समजून त्याला पुड्या बांधायला सांगायची. रुद्रेशला कशाचीच फिकीर नव्हती. त्यानं पहिला डबा उघडला, तूप हातावर चोळलं, नाकाशी नेलं आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. अगदी आप्पांसारखे. अहाहा. याला म्हणतात तूप! सगळ्याच डब्यांना त्यानं पास केलं, कारण त्याला सगळीच तुपं स्वर्गातली वाटत होती. उपाशी माणसानं जेवणाची परीक्षा घ्यावी, तशातला हा प्रकार.

तशात गावातल्या मठाचा वार्षिक उत्सव आला. दिव्यांना आणि महाप्रसादाच्या पुरणपोळीला आप्पांच्याच दुकानाचं तूप जायचं, आजोबांच्या काळापासून. यंदा पंधरा डबे हवे होते. नागनाथ नावाचा एक नवा व्यापारी एकगठ्ठा पंधरा डबे घेऊन आला. "शरणार्थ आप्पा," म्हणून वाकला. रुद्रेशनं तूप चोळलं, डोळे मिटले. असा घमघमाट त्यानं गेल्या अडीच महिन्यांत, म्हणजे उभ्या आयुष्यात, घेतला नव्हता. नागनाथ त्याच्या नाकाकडं टक लावून बघत होता, घाम पुसत होता, पण मिटल्या डोळ्यांना ते दिसणार कसं? आप्पांनी मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला, मग स्वतः हुंगलं आणि मान डोलावली. "चोख हाय. उतरवा डबे."

उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी उमादेवी पुरणपोळीच्या चवीसाठी चमचाभर तूप काढायला दुकानात आली. डब्यात बघितलं, बोटानं चाखलं आणि तिथंच उभी राहिली.

"ह्याला रवा न्हाई."

"वास तर बघ, आई," रुद्रेश म्हणाला.

"वासाला काय करू? टाळूला मेणावानी चिकटायलंय. वनस्पती हाय हे, वरून वासाचं पाणी घातलंय. इसेन्स का काय म्हणतेत ते. आन तुमी बापलेकांनी हे मठाला द्यायलाव? स्वामींच्या पंगतीला?"

रुद्रेश गादीवरून उठून उभा राहिला. तीन पिढ्यांचं नाव, उद्याची पंगत, आणि निकाल त्यानं दिलेला. पहिला खरा निकाल. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं खाली बघत सांगून टाकलं. "आप्पा, अकरा वर्षं मला वास येतच नव्हता. मी विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून सांगायचो. आता वास यायलाय, आन मी डोळे मिटून बसलो. लबाडी केली मी. गादीवर बसायची माझी लायकी न्हाई."

आप्पांनी समोरचा डबा जवळ ओढला. डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. बोलली ती उमादेवी. "आता तुमी पण सांगा. का मीच सांगू? करोना झाला तवापासून ह्यांच्या नाकासमोर फोडणी करपली तरी ह्यांला कळत न्हाई. चार वर्षं झाली."

रुद्रेशनं मान वर केली. आप्पांचे कान लाल झाले होते. एवढा मोठा माणूस, पण चिंचा चोरताना सापडलेल्या पोरासारखा दिसत होता.

"तुझ्या तोंडाकडं बघून सांगत होतो मी," ते हळू म्हणाले. "तुझं नाक माझ्यापरीस वरचढ हाय, असं वाटायचं. म्हणून म्हणलं, ऑपरेशन नको. तुझं बी गेलं तर काय करायचं?"

उमादेवी आधी हसली, मग ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसली. अख्ख्या गंगाखेडची तुपं पारखणाऱ्या दुकानात चार वर्षं एकही नाक चालू नव्हतं, आणि तरी एक डबा चुकला नव्हता. चुकला तो नाक सुरू झाल्यावर.

पण हसून पंगत होणार नव्हती. रुद्रेशनं नागनाथला फोन लावून असं काही सुनावलं की तो तासाभरात टेम्पो घेऊन डबे परत न्यायला आला, मान वर न करता. मग स्वप्नानं आणि त्यानं ओळखीच्या सगळ्या बायांना निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या पहिल्या एसटीनं येऊ लागल्या, कुणी बरणी घेऊन, कुणी कॅन घेऊन. सगळ्यात पुढं सरजाबाई. "मठाचं काम म्हणल्यावर घरातलं समदं आणलं बघा," म्हणाली आणि पायरीवर बसून जांभई दिली.

आईनं चाखलं आणि बोट चाटलं. रुद्रेशनं तूप हातावर चोळलं, यावेळी डोळे उघडे ठेवून. "चांगलं हाय," तो म्हणाला.

"चांगलं म्हंजे कसं?" आप्पांनी जवळ सरकून त्याचं मनगट धरलं. "नीट सांग. भाजल्या ज्वारीवानी का?"

रुद्रेश गोंधळला. वास होता, पण शब्द नव्हते. अडीच महिन्यांचं नाक ते. "भाकर फुगून फुटती, तवा वाफ येती... तसं कायतरी."

"हां. आन मागून?"

"मागून जरा आंबट. ताकावानी. लय न्हाई."

"आंबट आधी येतंय का हातावर घोटल्यावर?"

त्यानं परत घोटून हुंगलं. "घोटल्यावर. आन विड्याचं पान हाय. कढवताना टाकलेलं."

"बराबर," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "गावरान म्हशीचं. लोणी ताजं हाय, फक्त कढवायला जरा घाई केली."

"केली," सरजाबाई पायरीवरून म्हणाली. "एसटी गाठायची होती."

उमादेवीनं बरणी मठाच्या डब्यात रिकामी केली आणि पुढच्या बाईला हाक मारली. तूप पास झालं होतं, बाहेर रांग खोळंबली होती. तरी आप्पांनी मुलाचं मनगट सोडलं नाही.

"आनखी सांग," ते म्हणाले.