एकाच नंबरची माणसं

‘एकत्र करा’ या बटणावर धाकट्यानं अंगठा टेकवला आणि आईचा मोबाईल क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला. मग पडद्यावर हिरवी खूण उमटली. एवढ्याशा कामासाठी ताईला इतक्या वर्षांत सवड मिळू नये, याचं त्याला नवल वाटलं.

"अहो, झाला का दुरुस्त?" खिडकीजवळच्या खुर्चीतून आईनं विचारलं.

"झाला, आई."

"मग चहा घेऊन जा. तसेच जाऊ नका."

सकाळपासून ती त्याला मोबाईल दुरुस्त करणारा समजत होती. काल संध्याकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ती त्याला खोली बघायला आलेला भाडेकरू समजली होती. त्या मानानं ही बढतीच म्हणायची. आई माणसं विसरायला लागली आहे हे ताईनं फोनवर पुष्कळदा सांगितलं होतं, पण त्या माणसांत आपण नसू असं तो धरून चालला होता.

नोंदींची साफसफाई हा त्याचा पोटाचा धंदा. मोठ्या कंपन्यांकडे गिऱ्हाइकांच्या माहितीचा नुसता उकिरडा झालेला असतो. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी आणि चार पत्त्यांनी सुखानं नांदत असतो. तो सगळा गाळ उपसून माणशी एक नोंद शिल्लक ठेवायची. एक नंबर म्हणजे एक माणूस, हे तो हाताखालच्या लोकांकडून घोकून घ्यायचा.

आईच्या मोबाईलमध्ये तर कहर होता. एकाच नंबरावर दूधवाला, त्याच नंबरावर डॉक्टर, त्याच नंबरावर मधली मावशी आणि खाली बारीक अक्षरांत ‘आणखी काही नावं’. नंबर ताईचा. आईनं विसरभोळेपणात दिसेल त्या नावापुढं तोच ठोकून दिलेला दिसत होता. मावशीला तर जाऊनच किती वर्षं झाली. उरलेली नावं उघडून बघायची त्याला गरज वाटली नाही. सगळ्यांची मिळून एक नोंद करून त्यानं तिला ‘थोरली’ असं नाव दिलं. मग यादीत स्वतःला शोधलं, तर तो कुठंच नव्हता. त्याला जरा लागलंच. ‘धाकटा’ असं लिहून त्यानं आपला नंबर घातला आणि मोबाईल आईच्या हातात ठेवला.

ताई सकाळीच मैत्रिणीकडे गेली होती, दोन दिवस विश्रांतीला. जाताना गोळ्या, गॅसचा नळ, दाराची कडी, सगळं पुन्हा पुन्हा बजावून गेली होती. मोबाईलबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

जेवणं झाल्यावर आई मोबाईल घेऊन बसली. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"यातली माणसं कुठं गेली?"

"आहेत ना. ही बघ, थोरली."

"ही कोण?"

"तुझी मुलगी. ताई."

आईनं त्या नावाकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "हिच्याशी मी काय बोलू? मधलीला लावून द्या. या वेळेला बोलतो आम्ही रोज."

"आई, मावशी गेली ना. कितीतरी वर्षं झाली."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. आईचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत पडला. बहीण गेल्याची बातमी तिला आत्ता, या खुर्चीत, एका मोबाईलवाल्याकडून कळत होती.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?" ती म्हणाली आणि ओठ मिटून रडू लागली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो हलकेच बाजूला केला.

"मुलाला कळवते," असं म्हणत तिनं बटण दाबलं. त्याच्या खिशात फोन वाजला.

"तुमचा वाजतोय," आई डोळे पुसत म्हणाली. "घ्या ना. माझाही लागतोच आहे."

तो स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेतलं.

"हॅलो, आई."

"कोण बोलतंय?"

"मी. धाकटा."

"नाही," आई म्हणाली. "माझ्या मुलाचा आवाज मी ओळखते. तुम्ही कोण? त्याचा फोन तुमच्याकडे कसा आला?"

ती घाबरली होती. तो बाहेर आला तेव्हा तिनं मोबाईल खुर्चीच्या गादीखाली सारला होता आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती दाराकडे बघत बसली होती. तो पुन्हा आत जाऊन उभा राहिला. तिला धीर द्यायचा तर नक्की कुणी द्यायचा, हे त्याला कळेना.

थोड्या वेळानं ताईचा फोन आला.

"बाळ्या, आई बरी आहे ना? सकाळपासून तिचा एकही फोन नाही."

"तुला कशाला करेल? तुझं नाव बघून ‘ही कोण’ म्हणाली."

"माझ्या नावावर नाहीच करत रे ती."

त्यानं काय केलं ते सांगितलं.

"सगळी एकत्र केलीस?"

"एकच नंबर होता, ताई."

"माझाच आहे. मीच घातलाय." तिचा आवाज थकलेला होता. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "ती दिवसभर सगळ्यांना लावत बसायची. दूधवाला फोन उचलेना. डॉक्टरांनी मला बोलावून झापलं. मावशीचा नंबर भलत्याच माणसाला गेलाय, तो शिव्या द्यायचा तिला. म्हटलं, सगळे माझ्याकडेच येऊ देत. ऑफिसात असले की जिन्यात जाऊन बोलते. डॉक्टर झाले की बेतानं बोलायचं, मावशी झाले की भांडायचं. घरात मी तिला नर्स वाटते. फोनवर तरी तिची कुणीतरी असते."

"माझंही नाव होतं त्यात?"

"होतं."

"मग त्यापुढं तुझा नंबर का?"

"तू मीटिंगमध्ये असायचास. ती पुन्हा पुन्हा लावायची. तूच म्हणालास ना, ताई, काहीतरी कर हिचं. मग केलं काहीतरी."

तो तसं म्हणाला होता. कुठल्या सुरात म्हणाला होता तेही त्याला आठवलं. धाकट्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं नळ सोडला आणि धुऊन ठेवलेला पेला उगाच पुन्हा धुतला.

आईला डुलकी लागल्यावर त्यानं गादीखालून मोबाईल अलगद काढला. ताई सांगत गेली, तो लिहीत गेला. दूधवाला. डॉक्टर. मधली. घर विकून निघून गेलेली शेजारीण. आईच्या शाळेतल्या मोठ्या बाई, ज्या आईच्या लहानपणीच म्हाताऱ्या होत्या. प्रत्येक नावापुढं तोच नंबर.

"आता राहिलास तू," ताई म्हणाली. "तुझ्यापुढं तुझाच राहू दे हवा तर. उचलशील आता."

यापुढं एकही फोन चुकवायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवलंही होतं. पण आईचं ते घाबरलेलं "तुम्ही कोण" काही केल्या कानांतून जाईना. एकेक आकडा करत त्यानं आपला नंबर पुसला आणि ताईचा घातला.

संध्याकाळी आई मधलीशी मनसोक्त बोलली, भांडली, हसली. मग मुलाला फोन लावला. ऐकू कमी येत असल्यानं तिचा आवाज खोलीभर मोठा असायचा आणि पलीकडचाही. धाकटा समोर बसून मटार सोलत होता.

"अरे, मधली गेली म्हणून सांगत होतं मला कुणीतरी. काय एकेक लोक असतात. आत्ताच बोलले तिच्याशी."

"हो का," फोनमधून जाडसर, सावकाश आवाज आला.

"इथं मोबाईलवाले आलेत एक. गरीब वाटतात बिचारे. सकाळपासून बसलेत, घरी कुणी वाट बघणारं नसावं." मग तिनं आवाज खाली आणला. "तू कधी येतोस?"

धाकट्याचे हात थांबले.

"येतो ना, आई. कामाचा धबडगा जरा आवरला की लगेच."

शब्द त्याचेच होते, दर वेळचे. ताईनं त्यात पदरचा एकही घातला नव्हता.

आईनं फोन ठेवला. तिचा चेहरा उजळला होता.

"येणार आहे म्हणतोय," तिनं धाकट्याला सांगितलं. "फार गुणी आहे हो. फोन म्हणून चुकवत नाही कधी माझा. तुम्ही थांबलात तर भेट होईल."

"थांबतो," तो म्हणाला.