मासे निवडायची पांढरी परात

मित्रांनो, मी एक जुनी, खोलगट परात आहे. लोखंडाची, वरून पांढऱ्या इनॅमलची. काठाचे टवके उडाले आहेत आणि तिथे गंज चढला आहे. तुमच्या घरातल्या परातीसारखी कणीक माझ्यात कधी मळली गेली नाही. जपानमधल्या निइगाताच्या डोंगरात काझामांचं घर आहे. ते रंगीत कोई मासे वाढवतात आणि त्यांची पिल्लं माझ्यात निवडतात.

एक मादी लाखो अंडी घालते. पिल्लं उतारावरच्या मातीच्या तळ्यात वाढतात. उन्हाळ्याच्या तोंडाला ती जाळ्याने ओढून काढायची, थोडी थोडी माझ्यात घ्यायची आणि पांढऱ्यावर निरखायची. शेकड्यातलं एखादं ठेवायचं, बाकीची बादलीत टाकायची. बादलीत गेलेलं पिल्लू पुन्हा तळ्यात येत नाही. तेव्हा ते बोटाच्या पेराएवढंच असतं. अंगावर फिकट नारिंगी सावली असते, तीही असली तर. तेवढ्यावरून त्याचं पुढचं रूप ओळखावं लागतं.

हे काम इसाबुरो काझामांचं. त्यांच्या वडिलांनी मला बाजारातून आणलं तेव्हा ते तरुण होते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते बांधावर बसून माझ्यावर वाकत. त्यांच्या डोळ्यांइतकं जवळून मी दुसरं काहीच पाहिलेलं नाही.

एका वर्षी त्यांनी माझ्यातून एक फिकट, लहानशी मादी उचलली. दुसऱ्या कुणी ती टाकलीच असती. मोठी झाल्यावर ती टोकियोच्या प्रदर्शनात पहिली आली. घरी जेवणावळ झाली, साके म्हणजे तांदळाची दारू, गरम गरम फिरली. शेजारचे होशिनो म्हणाले, इसाबुरोंच्या डोळ्यांचा विमा उतरवून ठेवा. त्या दिवशी पाहुण्यांसाठी माझ्यात मुळे धुतले गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढे त्या मादीची पिल्लं वर्षानुवर्षं माझ्यात येत राहिली आणि ‘काझामांचा लाल’ म्हणून नावाजली गेली.

मग इसाबुरोंचा चेहरा हळूहळू खाली येऊ लागला. आधी टोपीची कड पाण्यात बुडायची, नंतर श्वास पाण्याला लागायचा. पिल्लू समोर असलं की ते मान तिरकी करून त्याच्या शेजारी पाहायचे. सरळ पाहिलं तर मधोमध काहीच दिसत नसावं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

समोर त्यांची सून तोमोए दुसरी परात घेऊन बसायची. एकदा तिला सासऱ्यांच्या बादलीत चांगलं पिल्लू दिसलं, मग आणखी एक. ते आंघोळीला गेले की ती बादली पुन्हा माझ्यात ओतायची आणि चांगली पिल्लं काढून तळ्यात सोडायची. तिने नवऱ्याला, कियोहारूला, सांगितलं. तो म्हणाला, बाबांना ऐकवणार कोण? असे दोन उन्हाळे गेले. मासे चांगले निघाले, लोकांनी इसाबुरोंची पाठ थोपटली. आपली नजर शाबूत आहे असं त्यांनाही वाटू लागलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्या बक्षीसवाल्या मादीने शेवटची अंडी घातली. ती म्हातारी झाली होती. नेमकी निवडीच्या वेळी तोमोएची आई आजारी पडली आणि तिला माहेरी, नागाओका शहरात जावं लागलं. कियोहारू जाळी ओढायचा, पण निवड त्याला कधी जमली नव्हती. इसाबुरोंनी एकट्याने सगळं संपवलं. बादल्या कुणी पुन्हा न पाहताच रिकाम्या झाल्या.

काही आठवड्यांनी दुसरी निवड असते. तोवर लाल ठळक होतो. तोमोए परतली होती, होशिनो मदतीला आले होते. जाळं वर आलं, पिल्लं माझ्यात आली. होशिनो हळूच म्हणाले, "औंदा पांढरं जरा जास्तच निघालं."

इसाबुरोंनी मला गुडघ्यांवर ओढलं. मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

"तोमोए, तू सांग. लाल आहे का यात?"

"नाही, बाबा."

"एकातही?"

"दोन-तीनांत आहे. कामाचा नाही."

होशिनो जाळं धुवायच्या निमित्ताने बाजूला गेले.

"मग गेल्या वर्षी कसे चांगले निघाले?"

तोमोएचे डोळे माझ्यावरच खिळले होते. "तुमच्या बादलीतले मी परत काढत होते. त्याच्या आदल्या वर्षीही."

"आणि मला सांगायचं नव्हतं?"

"तोंडावर कसं सांगू, बाबा? सगळा डोंगर तुमच्या नजरेचं नाव घेतो."

"माझा मान जपलास," इसाबुरो म्हणाले. "मला विचारलं असतंस, तर मी ‘मासे जप’ म्हणालो असतो."

ते उठले आणि बांध चाचपत घराकडे गेले.

त्यांना नागाओकाच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उरलेली टिकवता येईल. लवकर आले असते तर पुष्कळ वाचली असती. शेडमध्ये जाळी धूत असताना तोमोएने हे कियोहारूला सांगितलं. सांगता सांगता तिचे हात थांबले.

हिवाळाभर बर्फ वळचणीपर्यंत साचला होता. मी खिळ्याला टांगलेली होते. इसाबुरो माशांच्या शेडकडे फिरकलेच नाहीत. त्या मादीची आधीची पिल्लं केव्हाच विकली गेली होती; घरात तिचा वंश संपला होता.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका मादीची पिल्लं निवडायची होती. तोमोए मला घेऊन तळ्यावर आली, तर इसाबुरो आधीच एका उलट्या खोक्यावर बसलेले. त्यांनी मला हातात घेतलं नाही.

"मोठ्याने बोल," ते म्हणाले. "दिसतं ते सगळं सांग."

तोमोए सांगू लागली. डोक्यावर डाग आहे, पाठीवर दुसरा, शेपटी कोरी.

"ठेव."

तिने पिल्लू बोटाने वळवून पुन्हा पाहिलं. "नाही, बाबा. पाठीवरच्या डागाची कड फुटलेली आहे, लाल पांढऱ्यात पसरतोय. हे टाकायचं."

इसाबुरोंनी पायाने बादली तिच्याकडे सरकवली.

"टाक," ते म्हणाले. "पुढचं."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी वर्तमानपत्र नाकाला लावून वाचत असेल, उंबऱ्याला अडखळत असेल. त्यांच्या पाठीमागे गुपचूप सावरून घेऊ नका. शेजारी बसा, प्रेमाने सांगा, आणि वेळेवर हात धरून डॉक्टरकडे न्या. इसाबुरोंची नजर जाताना मी सगळ्यांत आधी पाहिली. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.